मानाचा विस्तव

माशा वडावरून उतरल्या तेव्हा माझी नात त्याच वडाखाली झोळीत निजली होती. दोन पारंब्यांना माझं जुनं लुगडं बांधून झोळी केली होती. पोरगी सव्वा महिन्याची. मी तिच्यापासून लांब नव्हते, अगदी जवळ कांदा चिरत बसले होते. वरून जातं फिरावं तशी घरघर आली आणि झाडाखालचा उजेड कमी झाला. कोणीतरी ओरडलं, "आग्या उठला! पळा!"

सगळे पळाले. माझी लेक, म्हणजे त्या पोरीची आई, नळावर पाणी भरायला गेली होती. मी उठले तेव्हा पहिला डंख कपाळावर बसला, दुसरा कानामागं. मी थेट लेकराकडं धावले असं सांगायला बरं वाटलं असतं, पण मी आधी घोंगड्याला हात घातला. आम्ही मेंढरावाले, घोंगडं आमच्या हाताला आपसूक सापडतं. बसायला अंथरलेलं घोंगडं ओढलं, त्यावरचे कांदे आणि विळी तिकडं उडाले. पोरीला झोळीतून उपसलं, खाली बसले आणि घोंगडं डोक्यावरून चारी बाजूंनी ओढून घेतलं. तिचा एक पाय बाहेर राहिला ते मला कळलं नाही.

बाहेरून माशा घोंगड्यावर गारांसारख्या आदळत होत्या. आत लोकरीचा वास आणि काळोख. पोरगी टाहो फोडत होती. ती रडत होती तोवर मला भीती नव्हती. रडणारं लेकरू जिवंत असतं. मग ती रडायची थांबली.

घोंगडं उघडावं तर माशा, न उघडावं तर ती आत घुसमटून मरेल. मी तिच्या नाकाशी गाल नेला, पण माझा गाल सुजून दगड झाला होता. श्वास लागतोय की नाही, काही समजेना.

हे सगळं झालं कसं ते सांगायचं तर गावाचं सांगायला हवं.

आमचं गाव सिद्धेश्वर धरणाच्या पाण्याच्या काठाला आहे. धरण भरलं की हिंगोलीचे, परभणीचे, नांदेडचे लोक जिपा करून पाणी बघायला येत आणि पाणी बघून झालं की आमच्या वडाखाली रोडगे करून खात. रोडगे म्हणजे कणकेचे गोळे. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकायची, तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या भाजीबरोबर खायचे. वडाच्या बुडाशी शेंदूर लावलेला देव आहे, त्यामुळं कोणी सहलीला येई, कोणी नवस फेडायला. आम्ही बाया गोवऱ्या विकायचो, रोडगे भाजून द्यायचो. गावाला त्यांचं येणं हवंच होतं.

पण ते जीप घेऊन गेले की मागं काय राहायचं? राखेचे ढीग, उष्टं, प्लास्टिकचे गिलास. पत्रावळी शेळ्या खायच्या, गिलास वाऱ्यानं पाण्यात जायचे. सरपण कमी पडलं की वडाचीच फांदी तोडायची. झाडाचा बुंधा एका अंगानं जळून काळा झाला होता. वर आग्यामोहोळ बसलं की आमच्याच आळीतला माझा एक चुलत सासरा पलिता लावून ते जाळायचा, मध पिळायचा आणि पाहुण्यांना विकायचा. दरसाल कोणाला ना कोणाला माशा फोडायच्या. त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं. पाऊस पडतो तशा माशा चावतात, असंच आम्ही धरून चाललो होतो.

मग सरपंचाची जागा बाईला सुटली. माझ्या दिरानं बायकोचा, म्हणजे माझ्या धाकट्या जावेचा अर्ज भरला. त्याला वाटलं होतं, खुर्चीत ही बसेल आणि कारभार मी करीन. गावालाही तसंच वाटलं. ती माझ्यासारखीच चौथी शिकलेली, पण दीर शाळेचं तोंड न बघितलेला. पारावरची माणसं तिला मुद्दाम विचारायची, "सरपंचीणबाई, सही तुमी करता का तुमचं मालक?"

ती म्हणायची, "मीच करते. त्यांना सांगितली तर अंगठा उमटंल."

तिनं पहिला ठराव केला तो वडाखाली जाळ करायचा नाही, फांदी तोडायची नाही, मोहोळ जाळायचं नाही असा. ग्रामसेवकानं पाटी रंगवून आणली, वडाजवळ रोवली. आमच्या शेळ्या त्या पाटीला अंग घासायला लागल्या. अक्षरं महिनाभरात गेली. दंड लावायचाही ठराव होता, पण गावात दंड करायचा म्हणजे कोणाला? एकतर भाऊबंद नाहीतर सोयरा. पाहुण्यांना सांगायला गेलं तर ते बोट दाखवायचे, "अहो, तुमचंच माणूस तिकडं जाळ करून राहिलं, आमाला काहून सांगता?" खरंच होतं ते. मीही त्यातलीच. वडाची सावली सोडून उन्हात कोण रोडगे भाजणार?

एक दिवस आम्ही दोघी शेण थापत होतो. ती एकाएकी म्हणाली, "अक्का, होळी कोण पेटवतं?"

"पाटील."

"दुसऱ्यानं पेटवली तर?"

"डोस्कं फुटंल त्याचं."

"काहून? पाटी लावली हाय का तिथं?"

मी म्हणाले, "पाटी कशाला लागती? मान हाय त्यांचा."

ती हसली आणि पुढची गोवरी थापायला लागली. मला तेव्हा काही उमगलं नाही.

पुढच्या ग्रामसभेत तिनं मांडलं की पाहुण्यांच्या दिवसांत जाळ नाल्याकाठच्या खडकावर करायचा. खडक वडापासून लांब आहे आणि वारा तिथून पाण्याकडं जातो. पण ती जाळ कुठं करायचा नाही हे बोललीच नाही. पहिला जाळ पेटवायचा मान कोणाचा, एवढंच बोलली. मान दरसाल एका आळीला. त्या आळीच्या माणसानं सकाळी देवापुढचा दिवा खडकावर नेऊन जाळ पेटवायचा आणि बाकी सगळ्यांनी त्यातूनच विस्तव न्यायचा, जसा होळीतून घरी नेतो तसा. काडी कोणी ओढायची नाही. चूल खडकावरच मांडायची, कारण विस्तव लांब नेला तर मानाचा राहत नाही.

सभेत मग जाळाचं कोणी बोलेना. पहिला मान कोणाला, यावरून भांडण जुंपलं. जावेनं तो आमच्या आळीला दिला आणि आळीतून त्याच चुलत सासऱ्याला, जो मोहोळं जाळायचा. लोक म्हणाले, घरचंच माणूस घुसवलं. मलाही तसंच वाटलं आणि मी तिला बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "अक्का, चोराच्या हाती किल्ली दिली की चोरी बंद."

आणि तसंच झालं. म्हातारा फेटा बांधून खडकावर बसायला लागला. शहरातला कोणी चूल मांडून खिशात काडेपेटी चाचपायला लागला की हा तिथं हजर.

"साहेब, काडी खिशात ठेवा. हितं मानाचा विस्तव चालतो."

"का हो बाबा?"

"देवाला काडी चालत न्हाई."

हे देवाला कधीपासून चालेनासं झालं ते देवालाच माहीत. पण पाहुण्यांना ते आवडायचं. पाटीवरचा नियम वाचून तोंड वाकडं करणारा माणूस मानाचा विस्तव घ्यायला हात जोडून यायचा, बाया ओंजळीएवढ्या मडक्यात निखारे नेताना नाचायच्याच बाकी राहायच्या. जाताना म्हातारा त्यांना म्हणायचा, "गिलास उचला, न्हाईतर विस्तव बाटतो." ते उचलायचे. ग्रामसेवकानं दोन वर्षं बोंब मारून जे झालं नाही ते त्यानं एका हंगामात करून दाखवलं. दुसऱ्या वर्षी मान दुसऱ्या आळीकडं गेला तर हा रुसला, पण स्वतःच्या आळीनं पाडलेली रीत कोणी मोडू नये म्हणून दुसऱ्यांवरही डोळा ठेवायला लागला. फांदी तोडणारा कोणी दिसला की म्हाताऱ्याच्या आधी पाच जण ओरडायचे.

वडाखाली राख उरली नाही. झाडाला नव्या पारंब्या सुटल्या. वर मोहोळं वाढली, पूर्वी एखादं असायचं, आता फांद्याफांद्यांना काळ्या सुपांसारखी लटकायची. खाली आम्ही बाया बसायचो, लेकरांच्या झोळ्या बांधायचो. माशा वर, आम्ही खाली. कोणी कोणाच्या वाटेला जात नव्हतं. म्हणून त्या दिवशी माझ्या नातीची झोळी तिथं होती.

हिंगोली जिल्हा वेगळा झाला त्या सुमाराचं हे. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिच्या सासरचे सेनगावकडचे. माझ्या व्याह्यांनी नवस बोलला होता, सून सुखरूप सुटली तर देवाला रोडगे करीन. सव्वा महिना झाला, ते जीप भरून माणसं घेऊन आले. एक बकरंही आणलं होतं, तेही वडालाच बांधलं.

खडकावर मानाचा जाळ पेटला होता. त्या वर्षी मान पुन्हा आमच्या आळीत आला होता, पण म्हातारा कुरुंद्याला लग्नाला गेला होता; त्याचा मुलगा जाळाशी बसला होता. तो व्याह्यांना विस्तव घ्या म्हणायला आला. व्याही म्हणाले, "नवस माझा. माझ्या नातीचे रोडगे मी दुसऱ्याच्या जाळावर भाजू का? आमच्यात न्हाई तसं." आणि त्यांनी वडाच्या पलीकडच्या अंगाला, देवासमोर, गोवऱ्या रचल्या आणि काडी ओढली.

गावातल्या कोणालाही असं करू दिलं नसतं. शहरातल्या साहेबालाही नसतं करू दिलं. पण हे व्याही. आमची लेक त्यांच्या घरी नांदायला परत जाणार होती. मुलीकडच्यांनी व्याह्याला नाही म्हणायचं नसतं, हे आमच्या हाडात बसलेलं. माझे मालक खाली मान घालून बसले. म्हाताऱ्याचा मुलगा परत गेला. मी कांदा चिरत राहिले. जाळ बुंध्याच्या पलीकडं होता, वारा पलीकडंच जात होता.

कोणीतरी जावेला सांगितलं असणार. ती पदर खोचून आली.

"पाव्हणं, जाळ विझवा आन् खडकावर चला. रोडगे आमी भाजून देतो."

व्याही म्हणाले, "बाईमाणसानं पाव्हण्याला शिकवायचं का आता?"

"बाईमाणूस मी घरात. हितं सरपंच हाय."

व्याही माझ्या मालकांकडं बघायला लागले. मालक तिचे थोरले दीर, ते तिच्याशी सरळ बोलत नसत, तीही त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर खाली येऊ देत नसे. ते मला म्हणाले, "तिला सांग, गप बस म्हणाव. पाव्हण्यात इज्जत जाऊन राहिली."

जाऊ माझ्याचकडं तोंड करून म्हणाली, "अक्का, भाऊजींना सांगा, इज्जत जाऊ द्या, माणसं जातील."

एवढं बोलणं होतंय तोवर वारा पडला. पलीकडं जाणारा धूर सरळ उभा राहिला, फांद्यांत शिरला. मग ती घरघर.

पुढचं मी घोंगड्याखालून ऐकलं, दिसलं काहीच नाही. बाकीचं मागाहून कळलं. गावाची माणसं आणि बाहेरचे पाहुणे खडकावर होते, त्या सगळ्यांनी जाळात ओला पाला टाकला आणि धुरात दाटीनं बसून राहिले. त्यांच्यातल्या कोणालाही फारसं काही झालं नाही. आधीसारखे सगळे वडाखाली असते तर काय झालं असतं ते मी बोलत नाही. जाऊ मात्र खडकापर्यंत पोचून परत फिरली. डोक्यावर ओलं पोतं घेतलं, घमेल्यात मानाच्या जाळातले निखारे भरले, वर लिंबाचा ओला पाला टाकला आणि ते धुमसतं घमेलं घेऊन वडाकडं आली. तिचा नवरा, माझा दीर, तिच्या नावानं शिव्या देत होता. ती थांबली नाही.

मला एकाएकी धुराचा वास आला आणि तिचा आवाज. "अक्का, घोंगडं सोडू नका. तशाच सरका. माझ्या मागं."

मी बसल्या बसल्या, पोरीला पोटाशी धरून, घोंगड्यासकट फरफटत निघाले. ती घमेलं पुढं सारायची, मी तिच्यामागून सरकायचे. किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. खडकावर कोणीतरी घोंगडं ओढून काढलं. पोरगी निपचित होती. एक पाय वांग्यासारखा जांभळा आणि सुजलेला. माझी लेक तिथं उभी होती, हातात रिकामी घागर.

"आई, मेली का?"

मी म्हणाले, "जीप काढायला सांग."

व्याह्यांचीच जीप. तिच्यात व्याही पण होते, तोंड भोपळ्याएवढं. जाऊही होती, दोन्ही डोळे सुजून मिटलेले. दवाखान्यात डॉक्टरांनी पोरीच्या पायातले काटे काढले, सुई दिली. म्हणाले, "श्वास चालू आहे. पण एवढ्याशा लेकराचं आत्ता काही सांगता येत नाही. तिला पदराखाली घेत जा. दूध ओढलं तर भिण्याचं कारण नाही."

लेकीनं पदराखाली घेतलं. पोरीनं तोंड फिरवलं. परत घेतलं, परत फिरवलं. दूध लेकीच्या चोळीतून गळत होतं आणि पोरगी ओढत नव्हती.

तोवर गावातली माणसं ट्रॅक्टर भरून आली. दवाखान्याच्या ओट्यावर गर्दी झाली. दीर सगळ्यात पुढं. "आज सांजच्याला पलिते लावू. एक मोहोळ ठिवायचं न्हाई. वडच तोडून टाकू." पोरं हो हो करायला लागली. व्याही खाटेवरून म्हणाले, "तोडाच. माशा पाळता काय गावात?"

जाऊ भिंतीला टेकून बसली होती. डोळे उघडत नव्हते, ओठ सुजलेले, बोलताना शब्द जाड होऊन येत होते. ती म्हणाली, "ठराव आणा मग. मोहोळ जाळायचं आसंल तर ठराव लागतो. ठरावावर सही माझी लागती. मला दिसून न्हाई राहिलं, सही कुठं करू?"

एकदोन जण हसले. दीर म्हणाला, "तुला काय झालंय त्याची तरी लाज धर."

"मला माशांनी फोडलं. तेंच्या घरात धूर कोणी घातला? एवढी वर्सं लेकरं निजवली खाली, कोणाला चावल्या का? बराबर सांगा. आन् तुमी सांजच्याला पलिते लावणार, मंग उद्या कोणाचं लेकरू हितं आणायचं?"

एवढ्यात म्हातारा कुरुंद्याहून येष्टीनं उतरून सरळ दवाखान्यात आला. लग्नाचा फेटा तसाच. त्याला रस्त्यातच कळलं होतं. तो व्याह्यांच्या खाटेपाशी उभा राहिला.

"पाव्हणं, काडी वढली म्हणे तुमी?"

व्याही म्हणाले, "नवसाचं होतं."

"नवस देवाचा, जाळ गावाचा. माझ्या आळीचा मान मोडला तुमी." मग तो पोरांकडं वळला. "आन् तुमाला पलिता लावायचा हाय? मला इचारा. ह्या गावात मोहोळ जाळायला मला सोडून कोणाला येतं? मी न्हाई लावत. आता कोण लावतो बघू."

पोरं ओट्यावरून खाली उतरली. दीर बडबडत बिडी ओढायला बाहेर गेला.

मला त्यांच्या भांडणाचं काही पडलं नव्हतं. मी लेकीच्या पदराकडं बघत होते. ती रडून थकली होती. मी तिला म्हणाले, "रडू नको. दूध आटंल." पदराच्या कोपऱ्यानं पोरीच्या ओठाला दूध लावलं. जीभ हलली नाही. परत लावलं. मग जीभ हलली, तोंड चुळबुळलं आणि तिनं धरलं. चुप्‌ असा आवाज आला. लेक एकदम ताठ झाली. माझ्याकडं बघायला लागली. मी पदर बाजूला करून बघितलं. गाल हलत होते.

"ओढून राहिली," मी म्हणाले. मोठ्यांदा म्हणाले असणार, कारण ओट्यावरचे सगळे आत बघायला लागले. मालक दारात आले. त्यांनी टोपी काढली, परत घातली आणि जावेला सरळ म्हणाले, "बाई, पाणी पिता का?" इतक्या वर्षांत ते तिच्याशी पहिल्यांदा बोलले.

मी खाली फरशीवर बसले आणि अंगाला किती ठिकाणी काटे रुतलेत ते मला तेव्हा जाणवलं. नर्सबाई चिमट्यानं काढत होती आणि मी ओरडत होते, आणि मला बरं वाटत होतं.

माशा हंगाम सरल्यावर आपणहून गेल्या, पुढच्या साली परत आल्या. वड तसाच आहे. ठरावात एक ओळ वाढली: सोयरा असो, व्याही असो, काडी कोणी ओढायची नाही. आता सोयरीक जुळवतानाच आमच्याकडं हे सांगून टाकतात, हुंड्याचं बोलणं मागून. व्याही रोडग्यांचा राहिलेला नवस फेडायला आले तेव्हा त्यांनी विस्तव न्यायला मडकं आणलं होतं.

त्या दिवशी वडाला बांधलेलं बकरं मेलं, ते सोडायला कोणाला सुचलं नव्हतं. व्याही जगले. जाऊ जगली, एका डोळ्यानं तिला कमी दिसतं. मी जगले. आणि ती पोरगी जगली.